कडेला आलेलं कोपर

ताईचं पत्र येऊन बरेच महिने झाले होते, आणि पुस्तकरावांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. विसरले होते असं नव्हे. विसरता आलं असतं तर बरंच झालं असतं. पत्र त्यांनी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं होतं, आणि हल्ली एखादा शब्द अडला की तो पहिल्याच खंडात सापडावा अशी ते मनोमन आशा करत.

पुस्तकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, पुस्तकरावांच्या कॉलेजच्या दिवसांत ठेवलं आणि चिकटलं ते चिकटलंच. पुढे छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. दुसऱ्याची चूक त्यांना दुरूनही दिसायची. स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटलं की मात्र पेन पुढे सरकत नसे. त्यामुळे पत्राच्या उत्तराला उशीर झाला तरी सुरुवातीला त्यांना फारसं वावगं वाटलं नाही. आधी फोटो दुरुस्त करू, मग तो पाठवतानाच दोन ओळी लिहू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. चोराच्या मनात चांदणं असतं, पण त्यानं खिडक्या लावून घेतलेल्या असतात.

प्रकरण सुरू झालं ते भाऊजी गेल्यानंतर. ताईचा आणि त्यांचा एकत्र असा एकही फोटो घरात निघेना. लग्नातला एक होता, तो घर बदलताना कुठेतरी गेला. भाचीनं मामाला फोन करून सांगितलं की आईला दोघांचा एक फोटो भिंतीवर हवाय. बाबांचा एक जुना आहे, आईचाही एक बरा आहे, ते दोन जोडून एक करता येतात म्हणे. बाजारात कुणाकडूनही करून घेता आलं असतं, पण आई म्हणते, माझ्या भावाची नजर बारीक आहे, तोच करील.

एवढा विश्वास टाकल्यावर नाही कसं म्हणणार? वरच्या मजल्यावर एक चित्रकारीण राहायची. पुस्तकांची मुखपृष्ठं ती संगणकावर करायची. पुस्तकराव तिच्याकडे शिकवणीला बसले. तिनं आपल्या जुन्या संगणकावर त्यांना ते सॉफ्टवेअर घालून दिलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "काका, काही पुसायचं नाही. झाकायचं. पुसलेलं परत येत नाही, झाकलेलं येतं." प्रत्येक चित्राचा एक थर असतो, थरावर मुखवटा घालायचा, जे नको ते मुखवट्याखाली जातं आणि हवं ते वर राहतं. पुस्तकरावांना हे फार आवडलं. छापखान्यात एकदा खोडलेला शब्द कायमचा जायचा.

भाऊजींचा फोटो होता पुस्तकरावांच्याच कॉलेजातला. निबंधाचं बक्षीस मिळालं त्या दिवशीचा. पायऱ्यांवर भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून उभे, खिशात एरवीच्या, कारखान्यातल्या लोखंडी मोजपट्टीऐवजी पेन, आणि त्यांच्या डाव्या हाताला हातात बक्षिसाचं पुस्तक घेतलेले तरुण पुस्तकराव. भाऊजींनी मान त्यांच्याकडे वळवलेली, जरा वाकलेले, चेहऱ्यावर अगदी ऐकू आल्यासारखं हसू. पुस्तकरावांनी स्वतःला मुखवट्याखाली घातलं आणि त्या जागी ताईला आणून उभं केलं. फोटोच्या दुसऱ्या कडेला कुणाचंतरी कोपर आलं होतं, ते कापून टाकलं. ताईच्या फोटोतला उजेड जरा पिवळा होता, तो उतरवला. केसांच्या कडा मऊ केल्या. पायाशी सावली टाकली. आणि काय सांगावं, चित्र असं जमलं की भाऊजी ताईकडेच प्रेमानं झुकून पाहताहेत. चित्रकारीणसुद्धा म्हणाली, "काका, तुम्ही तर माझ्या पोटावर पाय द्याल." आयुष्यात प्रथमच आपण केलेल्या कामात पुस्तकरावांना चूक सापडली नाही. छापून, चौकटीत बसवून त्यांनी तो पाठवून दिला.

त्यावर ताईचं पत्र आलं. फोनवर तू नुसता हं हं करतोस म्हणून लिहितेय, अशी सुरुवात होती. पुढे लिहिलं होतं:

"फोटो छान झालाय. मी त्यांच्या शेजारी उभी होते हे कुणालाही खरं वाटेल, मला सोडून. तू मला त्यांच्या बहिऱ्या कानाकडे उभं केलंस बघ. जन्मभर मी उजवीकडे होते. आणि अशी मान वळवून, वाकून ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, त्यांना गरजच पडायची नाही. ही मान डावीकडच्या माणसासाठी वळलीय. एक विचारू? तू नेहमी त्यांच्या डावीकडेच का रे बसायचास? माझे दोन्ही कान चांगले आहेत, हे तुला ठाऊक आहेच. फोटो अजून लावलेला नाही. खिळा ठोकून ठेवलाय. तुझं उत्तर आलं की लावीन."

पत्र वाचून पुस्तकरावांची कानशिलं तापली. भाऊजींचा डावा कान कारखान्यात पत्रे ठोकण्याच्या यंत्राशेजारी उभं राहून गेला होता. ते त्याचीही थट्टा करायचे. म्हणायचे, लोक एका कानानं ऐकतात आणि दुसऱ्यानं सोडून देतात. माझा दुसरा बंदच आहे, आत गेलेलं बाहेर पडत नाही. कॉलेजची सगळी वर्षं पुस्तकराव त्यांच्या घरी राहिले, त्यांच्या शेजारी जेवले. कुठला कान गेलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नव्हती.

महिने गेले. सणकून पाऊस पडून गेला, ऊन पडलं, भाचीचे फोन येत राहिले. ताई फोनवर गुडघ्यांचं बोलायची, औषधांचं बोलायची, फोटोचं चुकूनही नाही. एकदा भाचीच म्हणाली, "मामा, खिळ्यावर काय लावायचंय ते आई सांगतच नाही. मी कॅलेंडर लावलं तर ओरडली. म्हणते, मामाचं उत्तर यायचंय."

त्या दिवशी दुपारी पुस्तकराव संगणकापुढे बसले. बाजू बदलायची, बस. चित्रकारीण खाली आली होती. तिला त्यांनी अडचण अर्धीच सांगितली. ती म्हणाली, एवढंच ना, आणि एका टिचकीत तिनं अख्खं चित्र आडवं उलटवलं, आरशातल्यासारखं. ताई झाली भाऊजींच्या उजवीकडे, भाऊजी झाले तिच्या डावीकडे. पेनाचा खिसा सदऱ्याच्या भलत्या बाजूला गेला होता, तो तिनं कापून पुन्हा जागेवर शिवला. बटणांची पट्टीही फिरवून दिली.

"झालं," ती म्हणाली.

पुस्तकराव बघत राहिले. सगळं बरोबर दिसत होतं. पण ताईच्या शेजारी जो कान होता तो तोच होता. बहिरा. उजव्या कानाचं सोंग घेऊन बसलेला.

"हा त्यांचा डावाच कान आहे," ते म्हणाले.

"कुणाला कळणार आहे, काका?"

"ताईला."

"त्यांना कसं कळेल? कान कानासारखाच आहे."

"मान वळलीय ना."

चित्रकारीण पडद्याजवळ वाकली. मग तिनं विचारलं, आणि आवाज अगदी साधा होता, "मुळात ही मान कुणासाठी वळली होती?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. स्वयंपाक व्हायचाय म्हणून ती वर निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली की उलटवलेलं परत सुलटं करता येतं, घाबरू नका.

ती गेल्यावर त्यांनी चित्र सुलटं केलं. मग ताईचा थर बंद केला आणि स्वतःच्या थरावरचा मुखवटा काढला. झाकलेलं परत आलं. पडद्यावर भाऊजींच्या डाव्या बाजूला तो पोरगेला, सडपातळ विद्यार्थी उभा राहिला. छातीशी पुस्तक, नजर भाऊजींकडे नाहीच, कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या मित्रांकडे. तोंड किंचित उघडं. काहीतरी नुकतंच बोलून झालेलं.

काय बोलून झालं होतं ते पुस्तकरावांना शब्दनशब्द आठवत होतं. मित्रांपैकी एकानं विचारलं होतं, हे तुझे वडील का? भाऊजींच्या नखांत कारखान्याचं काळं होतं, कितीही घासलं तरी न जाणारं. त्यांनी पेन खिशाला असं लावलं होतं की त्याचं टोपण लांबूनही दिसावं. आणि पुस्तकराव हळूच, बहिऱ्या बाजूनं म्हणाले होते, "नाही रे, घरमालक. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहतो."

भाऊजींनी मान वळवली होती. वाकले होते. "काय म्हणालात, पुस्तकराव?"

"काही नाही."

तेवढ्यात फोटो निघाला होता.

ते काही एकदाच घडलं नव्हतं. रोज जेवताना भाऊजी विचारायचे, आज काय वाचलंत, पुस्तकराव? आणि पुस्तकराव डावीकडून काहीतरी पुटपुटायचे. सांगितलं तर यांना काय कळणार, आणि आपल्याला तरी ते धड सांगता येईल का, या दोन्ही शंकांना तो बहिरा कान बरा पडायचा. भाऊजी मान वळवायचे. हे म्हणायचे, काही नाही. मग भाऊजी मान डोलवायचे, जणू काही नाही हेसुद्धा वाचण्यासारखंच काहीतरी असावं. पलीकडून ताई वाढत असायची. तिनं इतकी वर्षं कानाडोळा केला होता. पण कानाडोळा करायलाही आधी कानानं ऐकावं लागतं, हे भाषेवर जगणाऱ्या माणसाला कधी सुचलं नव्हतं.

पुस्तकरावांनी मूळ फोटो उघडला, न कापलेला. दुसऱ्या कडेला ते कोपर होतं. त्यांनी ते मोठं करून पाहिलं. ठिपक्याठिपक्यांची बाही. ही बाही त्यांनी दोरीवर वाळत पडलेली कितीदा पाहिली होती. फोटोग्राफरनं ताईला बाजूला व्हायला सांगितलं होतं, फक्त दोघांचा काढू म्हणून, आणि ती झालीही होती. पण पुरती नाही. कारण कोपराखाली, फोटो संपतो तिथे, भाऊजींची बोटं होती. काळ्या नखांची. डावीकडे मान वळवून ते मेव्हण्याचं ऐकत होते, आणि उजव्या हातानं बायकोचं कोपर त्यांनी सोडलं नव्हतं.

म्हणजे ताई-भाऊजी दोघांचा फोटो होता. तो आपणच कापला होता. खरी ताई कडेची अडचण म्हणून छाटली आणि दुसरीकडून आणून तिला स्वतःच्या जागेवर उभं केलं. बारीक नजरेचा भाऊ! पुस्तकरावांनी चष्मा काढला. पुसायला म्हणून काढलेला चष्मा पुसायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मग ते लिहायला बसले. पहिला कागद फार सुंदर झाला. त्यात तारुण्य होतं, अज्ञान होतं, काळाचा महिमा होता. वाचून त्यांना स्वतःचीच किळस आली. हेही पुटपुटणंच होतं, फक्त वळणदार अक्षरातलं. तो फाडला. दुसऱ्यात त्यांनी इतक्यांदा क्षमा मागितली की ताईलाच ओशाळल्यासारखं झालं असतं. तोही फाडला. शेवटी तिनं विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर लिहायचं असं ठरवलं, आणि तेच सगळ्यात जड गेलं. "घरमालक" हा शब्द लिहिताना पेन तीनदा उचललं.

"ताई, डावीकडे मी उभा होतो. भाऊजींनी विचारलं तेव्हा मी काही नाही म्हणालो, पण त्याआधी मित्राला म्हणालो होतो की हे माझे घरमालक आहेत, मी भाड्यानं राहतो. तू ऐकलं असशील. त्यांनी ऐकू नये म्हणूनच मी त्या बाजूला बसायचो, रोजच. दुसरं कारण नाही. मी जोडलेला फोटो लावू नकोस. सोबत मूळ फोटो पाठवतोय. त्यात मीही आहे, पण मला काढायचा हक्क आता तुझा. दुसऱ्या कडेला तुझं कोपर आहे. मला ते कळलं नाही, मी कापून टाकलं होतं. ते कुणी धरलंय ते बघ."

फोटो त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात छापून घेतला. दुकानदार सवयीनं म्हणाला, कडेचं हे काय मध्येच आलंय, उडवून देऊ का? पुस्तकराव इतक्या जोरानं नको म्हणाले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एरवी दुकानात ते काय हवंय तेही दोनदा विचारावं लागेल अशा आवाजात सांगत.

टपालपेटीपाशी येईपर्यंत पाकीट घामानं मऊ झालं होतं. आत टाकताना त्यांनी ते क्षणभर धरून ठेवलं. मग सोडलं. तळाशी पडल्याचा आवाज आला आणि लगेच त्यांना वाटलं की "ऐकू" मधला कू आपण ऱ्हस्व लिहिलाय. बहुतेक लिहिलाच होता. त्यांनी पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली. बोटं पोचत नव्हती. पुस्तकराव चूक तशीच ठेवून घरी निघाले.