बडीशेपेची ताटली

आमची अर्पिता राज्याच्या कबड्डी संघात निवडली गेली! दुपारी फोन आला आणि झरी गावात आमच्या दारापुढं फटाके वाजायला लागले. आमचे हे, म्हणजे दिनकरराव, बाहेरचा चहासुद्धा नको म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी ओरडले, "बसवा समद्या पोरींना जीपमधी! परभणीला हाटेलात जेवायचं!" अर्पिता, तिच्या संघातल्या पोरी, हे आणि मी. जीपमध्ये असा कालवा, की ड्रायव्हरला हॉर्न वाजवायची गरजच पडली नाही.

हॉटेलात आमच्या टेबलावर सुकेशनी नावाची मुलगी आली. अर्पिताच्याच वयाची, हसरी. पोरी सगळ्या एकदम बोलत होत्या. एकीला शेवभाजी, दुसरीला पनीर, तिसरीला दोन्ही, एकीला तिखट जास्त, एकीला अजिबात नको. तिनं सगळं ऐकलं, जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि आत पळाली. एक भाकरी संपते तोवर दुसरी गरम भाकरी ताटात. कोणाला ठसका लागला, की पाणी हजर. मला तर ती पोर फार आवडली!

आणि तेवढ्यात आमच्या ह्यांच्या अंगात यजमान संचारला. आमच्याकडं घरचा कर्ता पंगतीत आधी बसत नाही. बादली घेऊन फिरतो, आग्रह करतो, सगळे उठले की मग जेवतो. ह्यांनी बाह्या वर केल्या आणि सुकेशनीच्या हातातलं भांडंच काढून घेतलं.

"तू दमलीस बाई, जरा थांब. आमच्या लेकीचं जेवण हाय, आमीच वाढणार!"

"काका, अहो, राहू द्या..." ती म्हणत राहिली. हे कशाला ऐकतात? पनीरवर वरण, वरणावर शेवभाजी. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसानं गमतीनं ताट पुढं केलं, तर ह्यांनी त्यालाही वाढलं! पोरी हसून हसून लोळायच्या बाकी होत्या.

मी हात धुवायला उठले. बेसिनशेजारीच गल्ला होता. तिथं मालक रंगनाथशेठ सुकेशनीला दबक्या आवाजात सुनावत होते, "गिऱ्हाईक सोताच वाढून घ्यायलंय. मग तुला कामावर ठेवू कशाला? कामावर पक्कं करायच्या आधी तुला पारखायचा आज शेवटचा दिवस. या टेबलानं खूश होऊन ताटलीत काही ठेवलं तर उद्या ये. न्हाई तर येऊ नको."

माझं डोकंच फिरलं. मालकाचा राग आला, पण त्याहून जास्त आमच्या ह्यांचा आला. मी तरातरा टेबलापाशी गेले.

"ते भांडं खाली ठेवा!"

"अगं, आग्रह नको का करायला?"

"तुमचा आग्रह त्या पोरीची नोकरी खायलाय!" मी ऐकलेलं सगळं सांगितलं. ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. भांडं सुकेशनीच्या हातात देऊन गुमान खुर्चीवर बसले. मग तिनं पुन्हा सूत्रं हातात घेतली आणि पोरी तृप्त होईपर्यंत वाढलं.

शेवटी बडीशेपेच्या ताटलीत बिल आलं. ह्यांनी बिल भागवलं आणि उठायला लागले.

"ताटलीत तिच्यासाठी ठेवा की काही," मी म्हणाले.

"वाढणारीला पैसे?" हे खरोखर दचकले. "मनकर्णा, आपल्या पंगतीत वाढप्याच्या हातावर कुणी पैसे ठेवतंय का? अपमान व्हईल लेकराचा. मालकाला सांगतो ना मी, लय चांगली हाय म्हणून."

"पंगतीत आज तो आपल्याला वाढतो, उद्या आपण त्याच्या घरी वाढतो. तिथं फेड होती. हिच्या घरी तुमी कधी जाणार वाढायला?"

ह्यांनी खिशात हात घातला. इतकी वर्षं संसार केला, पण माझं म्हणणं त्यांना एका वाक्यात पटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं!

मग नोटा काढल्या आणि सुकेशनीच्या हातावर ठेवायला गेले. "घे बाई. चोळीबांगडीला."

तिनं हात मागं घेतला.

"चोळीबांगडी नको, काका," ती म्हणाली. मान ताठ होती. "माझं काम आवडलं असंल, तर त्या ताटलीत ठेवा."

ह्यांनी तिच्याकडं पाहिलं. नोटा ताटलीत ठेवल्या आणि गल्ल्याकडं बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "मालक, हे पोरीच्या कामाचं हाय! आमी परत येणार, पण वाढायला हीच पायजे!"

रंगनाथशेठांनी ताटलीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. "सुकेशनी, उद्या सकाळी येळेवर ये."

मग काय, आमच्या पोरींनी सामना जिंकल्यासारखी आरोळी ठोकली! अर्पितानं तर तिला मिठीच मारली. माझे डोळे भरून आले, ते मी तिखटावर ढकललं.

सुकेशनी डोळे पुसून वळली आणि ह्यांच्यापुढचं कोरडं ताट बघून थबकली. "काका, तुमी तर जेवलाच न्हाईत! बसा, मी वाढते."

हे बसले. आमच्या सगळ्यांसमोर, एकटे, आणि अगदी पोटभर जेवले. एकदाही तिच्या हातातलं भांडं घेतलं नाही. त्यांच्या एकट्याचं बिल आलं, तेव्हा मी काही बोलायच्या आत त्यांचा हात खिशात गेला होता.