मांजर सासूबाईंच्या नावावर

घरात शांतता राहावी म्हणून माणूस काय काय करतो! सूनबाईने मांजर सासूबाईंच्या नावावर केलं.

मांजर चित्रातलं. उघड्या पुस्तकावर पोट टाकून ढाराढूर झोपलेलं. सूनबाई मागच्या खोलीत कापडी पिशव्यांवर चित्रं छापून विकायची, आणि "शिकलीसवरलेली मुलगी, पिशव्या कसल्या रंगवतेस?" हे सासूबाईंचं पालुपद सहा वर्षं चालू होतं. म्हणून एका चित्रकर्तीकडून हे मांजर पिशव्यांवर छापायचा परवाना विकत घेताना सूनबाईने नावाच्या रकान्यात बेधडक सासूबाईंचं नाव घातलं. तेवढ्याच खूश होतील, बाकी कोण वाचतंय?

वाचणारी भेटली. वाचनालयाने दोनशे पिशव्या मागवल्या, सूनबाईची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर, आणि ग्रंथपालबाई परवान्याचा कागद घेऊन बसल्या. या बाई औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही शेवटपर्यंत वाचणाऱ्यातल्या.

"पैसे भरले म्हणजे चित्र तुमचं झालं असं नाही," त्या म्हणाल्या. "मालकी चित्रकर्तीचीच. छापून विकायचा हक्क फक्त या एका नावाला, जगात दुसऱ्या कुणालाही नाही. तुम्ही कोण?"

"मी त्यांची सून."

"सुनेचं इथे काही लिहिलेलं नाही. शुक्रवारी पिशव्या आणाल तेव्हा हे नीट करून आणा, नाहीतर ऑर्डर रद्द."

सूनबाईने चित्रकर्तीला कळवलं. उत्तर आलं, नाव बदलून देते, पण आधीच्या बाईंनी हक्क सोडल्याची सही हवी. एवढंच ना? सूनबाई कागद घेऊन धावत घरी आली.

"जगात एकटीच्या नावावर?" सासूबाईंनी चष्मा चढवला. "माझ्या?"

"हो, आई. इथे सही केलीत की झालं."

"मग नाही करत, जा!"

दुसऱ्या दिवशी सासूबाई मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या. मांजर फार लठ्ठ आहे, बारीक कर म्हणाल्या. चित्रात बदल करायची परवानगी नाही, असं सुनेने सांगितलं. "मग निदान उठव तरी त्याला!" समोरच्या काकूंच्या पडद्यावर मांजर दिसलं, तर त्यांच्या दारात जाऊन "कुणाच्या परवानगीने?" म्हणून विचारून आल्या. ते मांजर वेगळं होतं. जागं होतं.

शेवटी सूनबाई रडकुंडीला आली. "आई, ही ऑर्डर गेली तर पुन्हा कोण काम देणार मला?"

सासूबाईंनी चष्मा उतरवला. "अगं, हे घर ह्यांच्या नावावर होतं, ते गेल्यावर मुलाच्या नावावर झालं. विजेचं बिलसुद्धा कधी माझ्या नावाने आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या नावावर झालं, तेही एक झोपाळू मांजर. आणि तेही परत मागतेस?"

सूनबाईला स्वतःचीच लाज वाटली. नाव घालताना तिला त्यांचं तोंड बंद करायचं होतं, द्यायचं काहीच नव्हतं. तिने सहीचा कागद टराटरा फाडला आणि परवाना पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचून काढला. सातवं कलम म्हणत होतं, परवानाधारकाला आपल्या देखरेखीखाली कामगारांकडून छपाई करून घेता येईल.

मग चार दिवस सासूबाई खुर्चीत आणि सूनबाई रंगात.

शुक्रवारी मालकीणबाई वाचनालयात शिरल्या. मागून कामगार भलंमोठं गाठोडं सावरत आली. बिलावर सासूबाईंची ठसठशीत सही होती. ग्रंथपालबाईंनी ती परवान्यावरच्या नावाशी दोनदा ताडून पाहिली, मग गाठोड्यातली वरची पिशवी ओढून उजेडात धरली.

"छपाई सुरेख उतरलीय. स्वतः केलीत?"

"छे! माझ्याकडे एक मुलगी आहे कामाला," सासूबाई म्हणाल्या. "हात इतका सफाईदार, एक डाग सापडायचा नाही. नशीब लागतं अशी मुलगी मिळायला."

सहा वर्षांतलं हे पहिलं कौतुक. गाठोड्याआड सूनबाईचे डोळे भरून आले, आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

"अगं, बघत काय उभी राहिलीस?" मालकीणबाई कडाडल्या. "उतरव ते खाली!"