ब्रदर टीगचा लोण्याचा प्याला

चर्चच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी केंटकीच्या त्या डोंगरगावातली माणसं जिना उतरतच होती. पुढे ओपल स्टॅम्पर उभी, आणि तिचा हात धरून उपदेशक ब्रदर टीग गरजत होता, की या बहिणीचं हिमोग्लोबिन आठ होतं आणि काल यंत्राने अकरा दाखवलं. बायका डोळे पुसत होत्या.

किमया सोपी होती. ब्रदरने प्रार्थना करून दिलेलं लोणी आणि साय वितळवून सकाळी प्याला भरून प्यायचं, अन् दुपारी दवाखान्यात रक्त तपासायला द्यायचं. उपाशी जायचं नाही, रिकाम्या पोटात सैतान बसतो म्हणे. आकडा वाढला तर प्याल्याचा महिमा, नाही वाढला तर तुमची श्रद्धा कमी. आहे की नाही सोय!

मागच्या बाकावर डॉक्टर आयडा कूम्ब्स बसली होती. फुंकरीने मधुमेह घालवणारे, रुमालाने गाठी पुसणारे, सगळे तिने पाहिले होते. वीट आला होता तिला. पण ओपल तिची शाळेतली मैत्रीण. तिच्या आतड्यातून कुठूनतरी रक्त जात होतं, आत नळी घालून तपासायचं ठरलं होतं, आणि आता ती म्हणत होती, कशाला?

आयडाला एक गोष्ट खटकत होती. रक्तातल्या लाल पेशी होत्या तेवढ्याच होत्या, मग त्यांच्यातलं हिमोग्लोबिन एवढं वाढलं कसं? सोमवारी दुपारी तिने ओपलला सकाळचा प्याला पिऊनच दवाखान्यात यायला सांगितलं, रक्त घेतलं आणि तिच्यादेखत यंत्राला लावलं. आकडा आला अकरा.

"बघ," ओपल म्हणाली. "आता तरी मान."

आयडाने उरलेल्या रक्ताची नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रात लावली. तांबड्या पेशी तळाशी बसल्या. वर पिवळसर पाणी दिसायला हवं, तिथे दुधासारखं पांढरं काहीतरी तरंगत होतं.

"हे काय गं?"

"तुझा प्याला. साखरेच्या आजाराने तुझ्या रक्तात आधीच चरबी फार, त्यात ही भर. यंत्र पेशी फोडतं, त्यांचा रंग पाण्यात उतरवतं आणि त्यातून उजेड सोडतं. जितका उजेड अडला तितकं हिमोग्लोबिन. आता रंगाने अडवला की लोण्याने, ते त्या बापड्याला काय कळणार?"

तिने वरचं पांढरं काढलं, तेवढंच मिठाचं पाणी घातलं, नळी हलवून पुन्हा आकड्याच्या यंत्राला लावली. आकडा आला साडेसात.

ओपलने वाकून आकडा पुन्हा वाचला. "म्हणजे आठाच्याही खाली गेलं."

"हो. आणि ब्रदरला दुपारच का लागते, सांगू? चरबी रक्तात उतरायला तेवढा वेळ लागतो. देवाला कसली आलीय घाई नि वेळ?"

बाहेर बाकावर तिघी बसल्या होत्या, ओपलचं ऐकूनच प्याला पिऊन आलेल्या. ओपल दारात उभी राहिली. तिला फार लाज वाटत होती, तरी बोलली.

"माझा आकडा खोटा होता. रक्त अजून जातंय. मी तपासून घेतेय, तुम्हीही घ्या."

एक उठून निघून गेली. दोघी बसून राहिल्या. आयडाने सुस्कारा सोडला आणि आधी ओपलच्या तपासणीसाठी फोन लावला. बाबांनो, आकडा वाढला म्हणून नाचू नका. तो कशाने वाढला, एवढं तरी विचारा. विचारल्याने श्रद्धा मरत नाही, न विचारल्याने माणूस मरतो.