रेनकोट घातलेली निळी नळी

दचकू नका. म्हणजे दचकलात तरी चालेल, मीसुद्धा दिवसातून दहादा दचकते. तुमच्या डोक्यावर ती जाळी आहे ना, जिच्यातून गार हवा येते? तिच्या आत, डक्टच्या म्हणजे हवेच्या बोगद्याच्या वळणापलीकडे, एसीच्या पोटात मी राहते. हातभर लांबीची काचेची नळी. दुकानदार मला यूव्ही लाईट म्हणतात, पुस्तकात माझ्या किरणांना अतिनील म्हणतात आणि या घरातले बाबा मला नुसतं 'निळी' म्हणतात. आज माझा इथला शेवटचा दिवस आहे. म्हटलं, बोलून घ्यावं.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही शेकडो बहिणी एका पट्ट्यावरून सरकत होतो. एकेकीच्या टोकांना वीज लावायची, पेटली की लगेच विझवायची, झाली परीक्षा. मी पेटले आणि इतकी घाबरले की विझले कधी ते कळलंच नाही. पण पास झाले. मग खोक्यात. खोक्यावर एक डोळा काढलेला आणि त्यावर लाल फुली. म्हणजे माझ्याकडे बघायचं नाही. माझे किरण डोळ्यांना आणि कातडीला भाजतात म्हणे. ऐकून मला फार लागलं. जन्मभर उजळायचं आणि कुणी बघायचंही नाही, हा कुठला न्याय?

गोदामात अंधारात पडून राहिले, ट्रकमध्ये खड्ड्याखड्ड्याला जीव मुठीत धरला आणि एके दिवशी सकाळी या घरी आले.

घर कसं म्हणाल तर प्लास्टिकचं. भिंती विटांच्याच, पण बाकी सगळं प्लास्टिकच्या आत. टीव्हीच्या रिमोटला पिशवी. सोफ्याला खोळ. जेवणाच्या टेबलावर जाड पारदर्शक कापड. खुर्च्यांच्या गाद्यांवर दुकानातून आलं तेच आवरण, सहा वर्षं झाली तरी तसंच. बाबा तीस वर्षं एका मोठ्या गोदामात स्टोअरकीपर होते. माल जसा आला तसा राहिला पाहिजे, हा त्यांचा एकच नियम. निवृत्त झाले तेव्हा नियमही घरी घेऊन आले, आणि सोबत जाड प्लास्टिकचा एक अख्खा रोलही.

"एक दिवस मलाही गुंडाळून ठेवशील," आई म्हणायच्या.

"तू कुठे नवी आहेस आता?" बाबा म्हणायचे. मग दिवसभर दोघांचं बोलणं बंद.

मला आणलं ते त्यांच्या लेकीसाठी. मी तिला ताई म्हणते. ताईचा आवाज फार गोड. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारं एक ग्रंथालय होतं, तिथे तिला कायमची नोकरी मिळणार होती. अट एकच होती: चाचणीसाठी दिलेलं प्रकरण स्वच्छ आवाजात वाचून पाठवायचं. ताई आपल्या खोलीत बसून वाचायची. खिडकी उघडी ठेवता यायची नाही, समोर पत्रा कापायचं दुकान होतं. म्हणून आधी एसी लावून खोली गार करायची, मग एसी बंद करून वाचायचं. पण तेवढ्या वेळात जाळीतून असा काही वास यायचा, जणू कुणी ओले मोजे वाळत घातलेत! तिसऱ्या-चौथ्या वाक्याला ताईला खोकला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा खोकला.

पहिलं ध्वनिमुद्रण परत आलं. 'आवाज उत्तम आहे. खोकला फार आहे. मध्येमध्ये चुरचुर असाही आवाज येतो. पुन्हा पाठवावे.'

"चुरचुर कसली गं?" आईंनी विचारलं.

"कसली म्हणजे? खुर्चीची! हललं की प्लास्टिक वाजतं."

"मग हलू नकोस," बाबा म्हणाले.

तर मग एसीवाला आला. हसतमुख माणूस, खिशाला तीन स्क्रू ड्रायव्हर लावलेले. पॅसेजमधल्या उंच कपाटात घरभराचा एसी होता. त्याचं झाकण काढून त्याने आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, हे बघा. ही कॉईल. हवा हिच्यावरून जाते आणि गार होते. पण ही सतत ओली. ओलं आणि अंधार, मग बुरशी धरणारच. मी आज धुऊन देतो, पण नुसतं धुतलं तर महिन्याभरात परत येईल. म्हणून ही नळी. कॉईलसमोर रात्रंदिवस पेटत राहील, बुरशीला डोकं वर काढू देणार नाही."

त्याने कॉईल धुतली, पत्र्याला गोल भोक पाडलं (केवढा तो आवाज, माझं तर पाणी पाणी झालं), हातात पांढरे मोजे चढवले आणि मला हळूच बाहेर काढलं.

"हातमोजे शोभेला नाहीत हं काका. हिच्या काचेला बोट लागलं तर तेलकट डाग पडतो. धूळही बसू द्यायची नाही, नाहीतर किरण अडतात."

"धूळ?" बाबा ताठ झाले. "आमच्या घरी?"

"आणि झाकण उघडलं की ही आपोआप विझेल. सुरक्षेसाठी तसं बटण आहे, त्याला हात लावू नका. बघायचंच असेल तर झाकणाला ही बारीक काच ठेवलीय, तिच्यातून बघा."

"अगंबाई, डोळे जातील ना!" आई मागे सरकल्या.

"नाही जात काकू. ही साधी काच आहे. साध्या काचेतून हिचे किरण बाहेर येत नाहीत, नुसता निळा उजेड दिसतो. हिची स्वतःची काच वेगळ्या जातीची असते. एकूण काय, निळं दिसलं की चालू आहे समजा."

झाकण लागलं आणि मी पेटले. समोर चकचकीत कॉईल, थेंब थेंब गळतेय. पाठीमागे पंखा घरघरला आणि मी दचकून जवळजवळ निखळलेच. काचेपलीकडून आधी बाबांचा डोळा आला, मग आईंचा, मग ताईचा. खोक्यावरच्या डोळ्याला फुली होती, हे तीन डोळे मात्र बिनधास्त बघत होते. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण सुख टिकलं ते संध्याकाळपर्यंत.

चहा झाल्यावर झाकण उघडलं. मी विझले. बघते तर बाबा! हातात रोलमधून कापलेला प्लास्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी. हातात पांढरे मोजेही होते, नियम म्हणजे नियम. त्यांनी माझ्याभोवती त्या जाड प्लास्टिकची छान नळी केली, दोन्ही टोकं चिकटवली, कुठे सुरकुती नको म्हणून अंगठ्याने दाबून घेतली.

"आता बसून दाखव," धुळीला दम देत ते म्हणाले आणि झाकण लावून टाकलं.

त्यांच्या मनात माझ्याविषयी मायाच होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण माझे किरण त्या प्लास्टिकपर्यंत जायचे आणि तिथेच थांबायचे. बाहेर जायचा तो नुसता निळा उजेड. रोज सकाळी बाबा झाकणाच्या काचेला डोळा लावायचे, "निळं आहे!" अशी घरात वर्दी द्यायचे आणि मग दात घासायला जायचे. मी आतून ओरडत होते. पण नळीला कुठला आवाज?

दोन आठवडे घर खूश होतं. कॉईल धुतलेली होती ना. मग एका दुपारी मला कॉईलच्या खालच्या कोपऱ्यात एक ठिपका दिसला. तिळाएवढा. दुसऱ्या दिवशी दोन. मी सगळा जीव एकवटला, पण तो प्लास्टिकच्या अलीकडेच संपला. आठवड्याभरात कोपरा काळा झाला आणि डक्टमधून ताईच्या खोलीतला आवाज माझ्यापर्यंत आला. डक्ट म्हणजे या घराचा कान, सगळं ऐकू येतं.

"प्रकरण तिसरे. नदीच्या उगमापाशी..." आणि खोकला.

दुसरं ध्वनिमुद्रणही परत आलं. या वेळी सोबत कौतुक नव्हतं, नुसती मुदत होती. पंधरा दिवसांत शेवटचा प्रयत्न पाठवावा, नाहीतर जागा दुसऱ्या उमेदवाराला देण्यात येईल.

त्या दिवशी ताई जेवली नाही. आई दाराशी जाऊन आल्या. "दोन घास खा गं राणी."

"आई, मला वाचता येतं ना? मग मला वाचू का देत नाही हे घर?"

आई तिचं ताट झाकून ठेवायला गेल्या. माझं म्हणाल तर, मी निळी तर होतेच, आता काळीठिक्कर पडायचीच बाकी होते.

"ही नळी म्हणजे शुद्ध बनवाबनवी आहे," पॅसेजमध्ये बाबा म्हणाले. "निळी दिसते तेवढीच. उद्याच बोलावतो त्या एसीवाल्याला. काढून घेऊन जा म्हणावं."

काढून! वाईट याचं वाटलं की मी काही केलंच नव्हतं. चांगलंही नाही, वाईटही नाही.

पण एक गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. माझे किरण जिथे अडत होते, तिथे ते स्वस्थ बसले नव्हते. दीड महिन्यात त्यांनी ते प्लास्टिक भाजून काढलं होतं. आधी पिवळं, मग कडक, मग जुन्या पापडासारखं ठिसूळ. दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा जोरात सुरू झाला आणि कट्कन एक टवका उडाला. मी दचकले. आणखी एक उडाला. डक्टमधून भिरभिरत ते गेले.

"बाबाऽऽ!" ताईची हाक आली. "माझ्या पुस्तकावर हे काय पडलं?"

बाबांची पावलं गेली.

"शेंगांची सालं आहेत का?" आईंनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. आवाज एकदम बारीक. "हे... आपल्या रोलमधलं आहे."

"रोलमधलं? ते एसीत कसं गेलं?"

मी कान टवकारले. मग बाबा म्हणाले, "मी निळीला घातलं होतं. धूळ बसू नये म्हणून."

एसीवाला आला तेव्हा तिघंही पॅसेजमध्ये उभे होते. झाकण उघडलं, मी विझले, आणि त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

"अहो काका! हिला रेनकोट कुणी घातला?"

आई आधी फिस्सकन हसल्या. मग ताई. इतक्या दिवसांनी ती हसली आणि हसता हसता खोकली. बाबा मात्र हसले नाहीत.

"साध्या काचेतून किरण जात नाहीत म्हणालात, म्हणजे प्लास्टिकमधूनही..."

"नाहीच जात. काका, निळं दिसलं की चालू आहे एवढंच मी म्हणालो. काम करतेय असं कुठं म्हणालो? पण चूक माझीही. तेही सांगायला हवं होतं."

"नाही हो," बाबा म्हणाले. "तुम्ही कुठवर सांगणार? गोदामातला माल असाच ठेवायचो मी. जसा आला तसा. कुणी वापरला की नाही, ते कधी बघितलंच नाही."

एसीवाल्याने माझ्या अंगावरचे उरलेले टवके वेचून काढले, स्पिरिटच्या बोळ्याने मला पुसलं, कॉईल पुन्हा धुतली. झाकण लागलं. मी पेटले, आणि या खेपेला माझे किरण थेट कॉईलपर्यंत गेले. ते सुख कसं सांगू? दीड महिना बंद दारावर टकटक करावी आणि एकदम दार उघडावं, तसं.

नंतरचे आठ दिवस मी कॉईलवरून नजर हलवली नाही. एकही ठिपका नाही. नवव्या दिवशी दुपारी डक्टमधून आवाज आला. ताईचा नव्हता. फर्र, फर्रर्र.

"अहो, हे काय करताय?" आई.

"खुर्चीचं काढतोय. हललं की वाजतं म्हणे."

"सहा वर्षांनी!"

"गादीचा रंग बघ की. हिरवा आहे! मी विसरलोच होतो."

मग बाबा खोलीबाहेर गेले, दार लागलं, एसी बंद झाला. "प्रकरण तिसरे," ताई म्हणाली. मी श्वास रोखला. मला श्वास नाही, तरी रोखला. एक पान. दोन पानं. एकदा ती थांबली आणि मला वाटलं आला खोकला, पण ती पाणी पीत होती. खोली तापली की मध्येच थांबून गार करून घ्यायची आणि पुन्हा वाचायची. असं शेवटच्या ओळीपर्यंत. खोकला नाही, चुरचुर नाही.

नोकरी मिळाली हे मला आईंच्या किंचाळण्यावरून कळलं. अर्थात मी दचकले.

त्याला आता वर्ष होत आलं. ताईने घरूनच चार पुस्तकं वाचून पूर्ण केली आणि ती सगळी मी ऐकली. झाकणावर बाबांनी मला लावल्याची तारीख लिहून ठेवलीय. काल ती बघून त्यांनी एसीवाल्याला फोन केला. मी अजून निळी दिसते, पहिल्या दिवशी दिसायचे तशीच. पण माझा जोर सरलाय, वर्षभरात आम्हा नळ्यांचा सरतोच. बाबा आता नुसत्या निळ्या रंगावर भुलत नाहीत.

एसीवाला आलाय. नवी नळी खोक्यात आहे, खोक्यावर तोच डोळा, तीच फुली. तुमच्याही घरी कुणी माझी बहीण असेल तर एवढं करा. तारीख लिहून ठेवा. बदलताना तिला कचऱ्यात फोडू नका, आमच्या पोटात पारा असतो, तो विषारी. आणि कृपा करून तिला काही घालू नका. उघडीच बरी.

"काढू का काका झाकण?"

"थांबा जरा. पोरीचं रेकॉर्डिंग चालू आहे, त्यात आवाज जाईल. शेवटचं पान आहे."

बाबांना काय ठाऊक मी ऐकतेय ते. पण बघा, निरोपाला एक अख्खं पान मिळालं. झाकण उघडलं की मी विझेन. तोवर कुणी काही बोलू नका हं, ताई वाचतेय.