परसातली चूल

रताळं शिजलं का हे सुरी टोचून बघतात, एवढंही राजमतीआक्कांना ठाऊक नव्हतं. कसं असणार? कांदा-बटाटासुद्धा कधी त्यांच्या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. कंदमुळात असंख्य जीव, ते जैनाच्या ताटात नको, हे त्या आईच्या मांडीवर शिकलेल्या. आणि आता सत्तरीला टेकलेली ही बाई परसात वेगळी चूल मांडून, वेगळ्या पातेल्यात रताळी उकडत बसली होती.

सगळं आलं ते नवऱ्याच्या, सुकुमारअण्णांच्या हार्ट अटॅकमुळं. बेळगावच्या डॉक्टरांनी मीठ, तेल, तूप तोडलं. अण्णा म्हणजे खाण्यावर जीव असलेला गडी! अळणी भाजी बघून ते ताटच सरकवायला लागले. सदरा अंगावर लोंबायला लागला. आक्कांनी भोपळा करून पाहिला, नाचणी करून पाहिली, रागावून पाहिलं, नुसतं पाया पडायचं बाकी ठेवलं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, उकडलेलं रताळं देऊन बघा, हृदयाला चांगलं, मिठावाचून गोड लागतं. आक्कांनी कानांवर हात ठेवले. अण्णांचा चेहरा मात्र उजळला.

का उजळला, ते नंतर कळलं. अण्णांचा नोकरीतला दोस्त भावकू कंग्राळीहून निपाणीला पिशवीभर रताळी घेऊन आला आणि भोळेपणानं बोलून गेला, "वैनी, अण्णा रोज माझ्या डब्यातलं रताळं खायाचे. तुमास्नी ठावं न्हाय व्हय?"

ठावं नव्हतं. संसार सगळा सरत आला तरी नव्हतं. पण आक्कांनी रागवायचं पुढं ढकललं, कारण अण्णा जेवत होते. रोज पहिल्या घासाला डोळे मिटून म्हणत होते, "लई गोड हाय गं."

पण चातुर्मास होता. दरवर्षी गावात मुक्कामाला आलेल्या मुनिमहाराजांच्या आहारासाठी आक्का घरी चौका लावायच्या. शुद्ध स्वयंपाक करायचा, कलश घेऊन दारात उभं राहायचं, महाराज दिसले की नमोस्तु म्हणून बोलवायचं. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं एक वर्ष चुकलं नव्हतं. यंदा त्यांनी आपणहून नको म्हटलं. सून दिव्यानं परोपरीनं समजावलं, चूल वेगळी, भांडी वेगळी, मग काय बिघडलं?

"हात वेगळं कुठनं आणू गं?" आक्का म्हणाल्या.

त्या सकाळी गल्लीत नमोस्तुचा गजर झाला. आक्का मुद्दाम परसात चुलीपाशी बसल्या होत्या, पण जीव थाऱ्यावर राहीना. उठून दाराआड आल्या. महाराज आले आणि सवयीच्या उंबऱ्यासमोर क्षणभर थबकले. आक्कांच्या ओठांवर शब्द आला होता. पण हाताला रताळ्याचा वास होता. त्यांनी दोन्ही हात पदरात लपवले, मान खाली घातली. महाराज पुढं गेले.

महाराज दिवसातून एकदाच, मनात धरलेला नियम ज्या दारात जुळेल तिथंच आहार घेतात. त्या दिवशी तो कुठंच जुळला नाही. महाराज उपाशीच बस्तीत, जैन मंदिरात परतले. असं होतं अधूनमधून, कुणी कुणाला दोष देत नाही. नियम काय धरला होता हेही कुणाला कळत नाही. पण आक्कांना कोण समजावणार? त्या चुलीपाशी बसून पोटभर रडल्या, मग रताळी सोलली आणि ताटली घेऊन आत गेल्या.

अण्णांना खाटेवरून सगळं ऐकू आलं होतं.

"महाराज आपल्या दारात थांबलं व्हतं न्हवं?"

"व्हय."

अण्णांनी ताटली सरकवली. "मग आज ऱ्हाऊ दे."

आक्कांनी ताटली परत त्यांच्यापुढं ठेवली. मग म्हणाल्या, "महाराज गेलं उपाशी. आता तुमी तरी नका ऱ्हाऊ."

आणि त्यांनी रताळ्याचा तुकडा मोडून आपल्या हातानं नवऱ्याच्या तोंडात घातला. लग्नातल्या घासानंतर पहिल्यांदाच. अण्णांनी तो सावकाश खाल्ला, दुसराही खाल्ला. रताळं नेहमीसारखंच गोड होतं. अण्णा आज तसं म्हणाले नाहीत.