शोधकाच्या नावाचा रकाना

कारखान्यात सगळे त्यांना अजून धाकटे मालकच म्हणत. थोरले मालक, म्हणजे त्यांचा दादा, जाऊन सहा वर्षं झाली होती आणि धाकट्यांनीही पासष्टी ओलांडली होती. आधाराच्या घडीच्या काठ्या बनवणारा तो कारखाना आता विकायला काढला होता. त्याची किंमत ठरवायला आलेल्या व्हॅल्युअर बाई तीन दिवस फायली उपसत होत्या.

"स्पष्ट सांगते," तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "यंत्रं भंगारात जातील. खरी किंमत आहे ती काठीतल्या बिजागरीच्या पेटंटची. एका हाताने उघडते, भार पडला की आपोआप घट्ट बसते. इतकी साधी आणि इतकी हुशार रचना मी पाहिली नाही. शोधक तुम्हीच ना?"

"हो," ते म्हणून गेले.

बिजागरी वहिनींची होती. दादाचा पाय अधू झाला तेव्हा त्यांनीच पुठ्ठा आणि मोडक्या छत्रीच्या तारा घेऊन ती जुळवली होती. अर्ज भरताना दादाच म्हणाला होता, "तुझंच नाव घाल. तिला कशाला कागदांच्या भानगडीत ओढायचं?" धाकट्यांनी मान डोलावली होती. जरा जास्तच पटकन.

संध्याकाळी ते तडक वहिनींकडे गेले. वहिनी मटार सोलत होत्या.

"वहिनी, बिजागरीच्या पेटंटवर शोधक म्हणून माझं नाव आहे."

"ठाऊक आहे. अर्ज भरल्यावर वर्षभर माझी नजर चुकवत होतात, भावजी. मी काय दूधखुळी आहे?"

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसंबसं त्यांनी बाईंचं बोलणं सांगितलं. वहिनींचे हात थांबले.

"साधी आणि हुशार? परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. मग वहिनींनी हळूच विचारलं, "ह्यांना माहीत होतं?"

"नाही," धाकटे मालक म्हणाले. "दादाला यातलं काहीच माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. बाई वैतागल्या. "नाव दुरुस्त होईपर्यंत घेणारा एक तर थांबणार नाही, नाही तर भाव पाडेल." त्याने चार महिने थांबून भावही पाडला. पण व्यवहार झाला, रकान्यात वहिनींचं नाव लागलं आणि पेटंटचा सगळा वाटा त्यांना मिळाला.

आता घरी कुणीही आलं की वहिनी तो कागद दाखवतात. "भावजींनी स्वतःहून कबूल केलं हो," असं मोठ्या मनाने सांगतात. "आणि ह्यांना कळलं असतं ना, तर त्यांनी तेव्हाच दुरुस्त करायला लावलं असतं. माझ्यावर अन्याय नसता होऊ दिला. हो ना, भावजी?"

"हो, वहिनी," धाकटे मालक म्हणतात, आणि बसल्या जागी चुळबुळ करत जायची परवानगी मागतात.