एका लिटरला एक्क्याऐंशी

मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी गाडी म्हटलं की लोक आधी टायर बघतात, मग सीट चाचपतात आणि मग तोच एक प्रश्न विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" मित्रांनो, तुम्ही कुणाच्या घरी गेलात आणि दारातच कुणी विचारलं, "हा जेवतो किती?" तर तुम्हाला कसं वाटेल? मलाही तसंच वाटायचं. आता काही वाटत नाही.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. कुणी चाकं बसवली, कुणी टाकी. शेवटच्या माणसाने लाथ मारून मला सुरू केलं, कान देऊन आवाज ऐकला, सीटवर एक थाप मारली आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. आमच्या घरात लाड असे एवढेच.

मला घ्यायला नवरा-बायको दोघं आली होती. मालक धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर काम करायचा. पोतं काट्यावर चढण्याआधीच तो त्याचं वजन सांगायचा आणि ते सहसा बरोबर निघायचं. मालकीण शिवणाच्या कारखान्यात हाताने काजं करायची. जाड कोटाचं काज मशीनवर फुगतं, तिच्या हातचं कसं रेखीव यायचं. तिथल्या मुख्य बाई म्हणायच्या, हिची बोटं म्हणजे आमच्या कारखान्याची अब्रू. दुकानदाराने मालकाला माझा एकेक भाग समजावून दिला. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला लोखंडी जाळी होती. मागे एका बाजूला बसणाऱ्या बाईची ओढणी चाकात जाऊ नये म्हणून ती असते, हेही त्याने सांगितलं. मालकीण तेव्हा कागदांवर सही करत होती. तिला ते कुणी पुन्हा सांगितलं नाही. ती जाळी शोभेची आहे असंच ती धरून चालली.

पहिली दोन वर्षं सोन्यासारखी गेली. तेव्हा मी त्याला "आमचे मालक" म्हणायचे, बरं का. रोज सकाळी दोघं निघायची. मालकिणीच्या मांडीवर दोन डबे असायचे आणि ती त्याच्या कानाशी काही ना काही बोलत राहायची. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने मालकाला काही गोष्टी शिकवल्या होत्या. टायरमधली हवा दर आठवड्याला बघायची. चेन कोरडी ठेवायची नाही. एअर फिल्टर साफ ठेवायचा. क्लचवर बोटं ठेवून गाडी चालवायची नाही. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे पळवायचं नाही आणि सिग्नलला जास्त वेळ थांबायचं असेल तर इंजिन बंद करायचं. मित्रांनो, हे सगळं खरं आहे, हवं तर लिहून घ्या. मी पंचावन्नवरून पासष्टवर आले. माझाही ऊर भरून यायचा, खोटं कशाला सांगू?

मग एक दिवस गोदामाच्या स्टँडवर हमालांचा मुकादम म्हणाला, "आमची सत्तर देते." आता जगात दोन गोष्टी कुणी खऱ्या सांगत नाही, पोरांचे मार्क आणि गाडीचं ॲव्हरेज. पण मालक काट्यावरचा माणूस. आकडा म्हटला की त्याला तो खराच वाटायचा. तो घरी आला तो तोंड पाडून. तिथून माझे ग्रह फिरले.

त्याने बाटली आणली. टाकीची नळी काढायची, शंभर मिली पेट्रोलची बाटली हँडलला टांगायची आणि ती संपून गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. गाडी जिथे थांबेल तिथवरचे किलोमीटर मोजायचे आणि दहाने गुणायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी रिकाम्या रस्त्यावर हा खेळ चालायचा. मालकीण घरी वाट बघत बसायची. मालक मला ढकलत परत यायचा आणि तिला आधी आकडा सांगायचा, मग चपला काढायचा.

कार्बोरेटरचा स्क्रू पिळून पेट्रोल आणखी कमी कर, असं त्याने मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्री नाही म्हणाला. इंजिन तापून मरेल, असं त्याने समजावलं. मालकाने घरी येऊन स्वतःच स्क्रू पिळला. उपाशीपोटी ओझं वाहायचं म्हणजे काय असतं ते मला विचारा. मी चढावर धापा टाकायचे, तापायचे, ठसके द्यायचे. त्यावरही त्याने उपाय काढला. चढ आला की तो मालकिणीला म्हणायचा, "उतर जरा." ती बिचारी डबे घेऊन चालत वर यायची आणि हा वर इंजिन बंद करून तिची वाट बघत उभा राहायचा. मुकादमाने एकदा तिला चिडवलं की वहिनी, तुमची गाडी छान आहे, चालायला सोबत होते. ती हसली. तिला राग असा लवकर यायचाच नाही, आणि तेच तिचं चुकलं असं मला वाटतं.

मग त्याने माझे एकेक भाग काढायला सुरुवात केली. आरसे काढले. मागे धरायची दांडी काढली. प्रत्येक भाग तो गोदामात नेऊन काट्यावर ठेवायचा. एकदा त्याने मालकिणीलाही हसत हसत त्या काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून "हं" एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून ती रात्री थोडं कमी वाढून घ्यायला लागली.

शेवटी त्याचा हात जाळीला लागला. मिस्त्री त्याला म्हणाला होता, वजन कमी करायचं तर भाग काढण्यापेक्षा तुम्ही चार घास कमी जेवा. ते त्याने हसण्यावारी नेलं. मालकिणीने विचारलं, तर उगाच खडखडत होती म्हणून काढली, असं त्याने सांगितलं. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. ती जाळी कशासाठी आहे हे त्याला माहीत होतं, मित्रांनो. म्हणूनच मी त्याला आता "आमचे" म्हणत नाही.

पुढच्या सुट्टीला बाटली आठ किलोमीटर आणि वर शंभर मीटर चालली. लिटरला एक्क्याऐंशी! मालकाने गोदामात सगळ्यांना चहा पाजला. मुकादमानेही हात जोडले. माझं इतकं कौतुक आयुष्यात झालं नव्हतं, आणि मला ते नको होतं.

चार दिवसांनी सकाळी मालकीण नेहमीसारखा चढ पायी चढून वर आली, घाम पुसला आणि मागे बसली. सपाट रस्त्याला लागलो तशी तिची ओढणी माझ्या मागच्या चाकात गेली. माझंच चाक, आणि मला थांबता येईना. तिने ओढणी सोडवायला उजवा हात खाली घातला. पुढचं मी सांगणार नाही. डबे रस्त्यावर पडले आणि ती त्यांच्याशेजारी पडली.

ती दवाखान्यात असताना मालक घरी आला. त्याने पलंगाखाली टाकलेली जाळी काढली, पुसली आणि माझ्या अंगावर बसवून टाकली. मग तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायला लागला की वाऱ्याने ओढणी उडाली, किती वेळा बजावलं होतं हिला, नीट गुंडाळून बसत जा. नणंद आली तीही हेच बोलली. मुख्य बाई आल्या, त्यांनी तिची मिटेनाशी झालेली तीन बोटं बघितली आणि जाताना म्हणाल्या की सांभाळायला हवं होतं गं. मालकीण सगळ्यांना म्हणायची, हो, माझंच चुकलं. ती घरी आल्यावर एका दुपारी सुईत दोरा ओवायला बसली. अर्धा तास बसली. मग तिने सुई डबीत ठेवून डबी फळीवर अगदी मागे सारली.

माझ्या चाकाच्या तारा मोडल्या होत्या. मिस्त्रीने त्या बदलल्या आणि मला घरी आणून सोडलं. मालकीण दारात होती, मालक ओट्यावर बसला होता. मिस्त्री जरा घुटमळला. मग तिलाच म्हणाला, "वहिनी, आत तारा मोडल्या होत्या आणि बाहेर जाळीला साधा ओरखडा नाही. जाळी जागेवर असती तर ओढणी आत गेलीच नसती. ती त्याचसाठी असते."

मिस्त्री गेला. मालकिणीने जाळीवरून डावा हात फिरवला. तिने मालकाला विचारलं, "किती भरली होती ही काट्यावर?"

"एक किलो दोनशे," मालक सवयीने बोलून गेला.

त्यानंतर त्या घरात कामापुरतंच बोलणं होतं. मालक कामाला चालत जातो, मालकीण कुठेच जात नाही.

महिन्याभराने मालकाने मला विकायला काढलं. मला बघून तिला त्रास होतो, असं तो लोकांना सांगायचा. तिला त्रास माझा नव्हता. एक शिक्षक बायकोला घेऊन मला बघायला आले. टायर बघितले, सीट चाचपली आणि विचारलंच, "ॲव्हरेज किती देते हो?"

मालक सीट पुसायला लागला. मग आतून मालकीण बाहेर आली.

"एक्क्याऐंशी देते," ती म्हणाली. "पण मागे कुणी नसताना."

शिक्षकांच्या बायकोची नजर तिच्या हातावर गेली. तिने नवऱ्याची बाही ओढली आणि दोघं निघून गेली. मी अजून इथेच, भिंतीला टेकून उभी आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी गाडीने म्हणायचं असतं की माझी काळजी घ्या. मी ते म्हणणार नाही. माझी काळजी नको तितकी घेतली गेली. तुम्ही मोठे व्हाल, गाडी घ्याल. गिअर टाकायच्या आधी एकदा मागे वळून बघा, मागे कोण बसलंय आणि नीट बसलंय का. तेवढ्यात थोडं पेट्रोल जाईल. जाऊ द्या.